सरासरी सांगाल, तर तिची हद्दही सांगा

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. वर्गात फळ्यावर टी-टेस्ट, आणि सुगी आली की कृषी खात्यात लागलेल्या माजी विद्यार्थ्यांबरोबर पीक कापणी प्रयोगाला बांधावर. कृषी विद्यापीठांतली एमएस्सीची मुलंही प्रबंधाचे तक्ते घेऊन घरी येत आणि रात्री उशिरापर्यंत बसत. समष्टीच्या सरासरीबद्दलची परिकल्पना चाचणी आणि विश्वास अंतराल हे अभ्यासक्रमातलं एक प्रकरण आहे. परीक्षेपुरतं पाठ करून मुलं ते सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. याच प्रकरणावर आपल्या राज्यातल्या लाखो शेतकऱ्यांच्या पीकविम्याचा हिशेब उभा आहे, बियाण्याच्या नव्या वाणाची शिफारस उभी आहे, दुकानातल्या पाकिटावरचं वजनही उभं आहे. शिकवता शिकवता आणि शिवारात हिंडता हिंडता जे पक्कं झालं, ते इथे मांडते.

१. आधी विचारा, सरासरी कशाची?

हा प्रश्न साधा वाटतो, पण निम्मे वाद इथेच असतात. ‘महसूल मंडळातल्या सोयाबीनचं हेक्टरी सरासरी उत्पादन’ म्हटलं की समष्टी कोणती? पेरलेलं सगळं सोयाबीन की विमा उतरवलेलं? सलग पेरलेलं की तुरीत आंतरपीक घेतलेलंही? पीक कापणी प्रयोगासाठी शेतं निवडतात ती पीकपेऱ्याच्या यादीतून. ज्या शेताची नोंद यादीत नाही, त्याची निवड होण्याची शक्यता शून्य. पुढे कितीही काटेकोर गणित केलं तरी ते शेत त्यात येत नाही. २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतातलं पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचं. बरेच जण हे काम कटकटीचं समजतात. मी मात्र भेटेल त्या शेतकऱ्याला सांगते की नमुना घेण्याची पहिली पायरी तुमच्याच हातात दिली आहे, ती सोडू नका.

२. तुकडा कुठे घ्यायचा हे डोळ्यांनी ठरवायचं नाही

प्रयोगात शेतातला ठरावीक मापाचा एक तुकडा कापून दाणे वजन करतात; सोयाबीनला तो दहा बाय पाच मीटरचा असतो. शेतात शिरल्यावर माणसाची नजर आपोआप फिरते. शेतकऱ्याला वाटतं, जिथे पीक खुरटलं तिथे दोरी टाकावी. विमा कंपनीच्या माणसाला वाटतं, चांगल्या भागात टाकावी. कृषी सहाय्यकाला वाटतं, वादच नको, ‘मध्यम’ जागा बघून टाकावी. या तिघांतला तिसरा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्याचा हेतू चांगला असतो आणि त्याला कोणी हटकत नाही. मध्यम जागा निवडत गेलं की मंडळातल्या सगळ्या तुकड्यांची वजनं एकमेकांच्या जवळ येतात, चढउतार खोटाच कमी दिसतो, आणि विश्वास अंतराल इतका अरुंद निघतो की बघणाऱ्याला वाटावं, केवढी अचूक पाहणी!

म्हणून पद्धत ठरवून दिलेली आहे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. लांबी-रुंदी मोजायची. समजा लांबी ८० मीटर आणि रुंदी ४५ मीटर भरली. लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा केले, की राहिले ७० आणि ४०. आता ७० पर्यंतचा एक आणि ४० पर्यंतचा एक असे दोन रँडम आकडे घ्यायचे, तेवढं अंतर चालत जायचं आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. मग तिथे पीक कसंही असो, दगड असो, तण असो, खुंटी हलवायची नाही. दोरी ताणायची, कर्ण मोजून कोपरे काटकोनात आणायचे, कापणी करायची, मळणी करून दाणे वजन करायचे, आणि ओल असेल तर वाळल्यानंतरचं वजन वेगळं घ्यायचं.

एका शेतकऱ्याने मला बांधावर विचारलं होतं, “मॅडम, एवढासा तुकडा माझ्या आठ एकरांचं काय सांगणार?” मी म्हटलं, “दादा, तुमच्या आठ एकरांचं काही सांगत नाही. पण असे दहा तुकडे कुणाच्याही मर्जीशिवाय पडले, तर मंडळाच्या सरासरीबद्दल सांगतात, आणि आपली चूक किती असू शकते तेही सांगतात.” उत्तराचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. यादृच्छिक निवड केल्याने नमुना हुबेहूब समष्टीसारखा येतो असं काही नाही. तो कसाही येऊ शकतो. फक्त तो किती वेळा किती चुकेल, याचं गणित मांडता येतं. मर्जीने निवडलेल्या नमुन्याला हे गणित लागूच होत नाही.

३. दोरीच्या कडेला काय होतं ते बघा

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या मुद्द्यामागे आपल्या मातीतल्या एका मोठ्या माणसाचं काम आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १९३६ मध्ये पीएचडी मिळवली. ज्या दोघांनी १९३३ च्या निबंधातून परिकल्पना चाचणीला आजचं रूप दिलं, आणि ज्या नेमननी त्याच दशकात विश्वास अंतरालाचा सिद्धांत मांडला, त्यांच्याच समोर बसून हा साताऱ्याचा मुलगा शिकला. परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या यादृच्छिक प्रयोगांची घडी बसवली. पुढे १९५१ ते १९७० ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. विनायक पानसे यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं १९५४ चं कृषी-संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी विद्यापीठांत अजूनही ‘पानसे-सुखात्मे’ याच नावाने मागितलं जातं.

तुकडा केवढा असावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. तुकडा लहान असला की खर्च कमी येतो आणि त्याच पैशात जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांतून दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

का, ते दोरीजवळ वाकून बघितलं की कळतं. रोप नेमकं दोरीखाली येतं. ते आत धरायचं की बाहेर? नियम असा की ज्याचा बुंधा आत ते आत. पण कापणाऱ्याचा विळा सहज पुढे जातो आणि शेंगांनी लगडलेली, आत झुकलेली फांदी ‘राहू द्या, घ्या आत’ म्हणून आत येते. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. ती घेण्याच्या बाजूने होते. आता हिशेब करा. एक मीटर चौरसाच्या तुकड्याला चार मीटर कड असते, म्हणजे दर चौरस मीटरमागे चार मीटर कड. दहा बाय पाचच्या तुकड्याला तीस मीटर कड आणि पन्नास चौरस मीटर क्षेत्र, म्हणजे दर चौरस मीटरमागे फक्त साठ सेंटिमीटर. कडेवरची तीच चूक लहान तुकड्यात कितीतरी पट वजनाने येते.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा हा आहे. अंतराल फक्त नमुन्याच्या नशिबाने आलेली चूक मोजतो. एकाच दिशेने होणारी चूक त्यात दिसत नाही, आणि प्रयोग वाढवून ती जातही नाही. असे लहान तुकडे हजार घेतले तर आपण चुकीच्या आकड्याभोवती अतिशय अरुंद अंतराल काढू आणि तो छातीठोकपणे जाहीर करू.

४. दहा वजनं, एक सरासरी आणि तिची हद्द

आता आकडे घेऊ. हे आकडे मी वर्गासाठी मांडलेले आहेत, कुठल्या मंडळाचे नाहीत. दहा तुकड्यांतलं सोयाबीन किलोत असं भरलं समजा: ४.२, ५.८, ६.१, ३.९, ७.०, ५.१, ६.४, ४.७, ५.५, ६.३. बेरीज ५५, सरासरी साडेपाच किलो. तुकडा पन्नास चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तेव्हा हेक्टरी उत्पादन ११०० किलो. बहुतेक कागदांवर गोष्ट इथे संपते.

पण दहा वजनं ३.९ पासून ७ पर्यंत पसरली आहेत. प्रत्येक वजनाचा सरासरीपासूनचा फरक घेऊन वर्ग केले, बेरीज ९.२ आली. तिला नऊने भागून वर्गमूळ काढलं की प्रमाण विचलन साधारण १.०१ किलो. याला दहाच्या वर्गमूळाने भागलं की प्रमाण त्रुटी ०.३२ किलो. म्हणजे असेच दहा-दहा तुकडे पुन्हा पुन्हा घेतले, तर येणाऱ्या सरासऱ्या एकमेकींपासून साधारण इतक्या हलतील.

आता ०.३२ ला कशाने गुणायचं? समष्टीचं विचलन आधीच माहीत असतं तर १.९६ ने गुणलं असतं. पण आपल्याला तेही याच दहा वजनांवरून काढावं लागलं, त्यामुळे अनिश्चितता थोडी वाढली. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरीला होते. तिथे थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत, आणि नेमका हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी त्याचं उत्तर छापलं. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्याला आजचं टी-वितरणाचं रूप दिलं. नऊ स्वातंत्र्यमात्रांसाठी ९५ टक्क्यांचा आकडा आहे २.२६२. गुणाकार ०.७२. म्हणून अंतराल ४.७८ ते ६.२२ किलो, हेक्टरी साधारण ९५५ ते १२४५ किलो.

हा आकडा पहिल्यांदा फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो. अकराशे म्हणताना जो ठामपणा होता, तो अचानक तीनशे किलोंच्या पट्ट्यात पसरतो. मुलांना वाटतं, मग एवढी मेहनत करून कळलं काय? कळलं ते असं की खरं उत्पादन सातशे नाही, दीड हजारही नाही. आणि या पट्ट्याच्या आतला वाद दहा तुकड्यांवर मिटणार नाही. तो पट्टा अर्धा करायचा तर चौपट प्रयोग लागतात, कारण भागाकार वर्गमूळाने होतो. चाळीस तुकडे घेतले आणि चढउतार तेवढाच राहिला, तर हद्द सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण ६५ किलोंवर येते.

५. ९५ टक्के कशाचे?

‘खरी सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत लिहिलेलं असतं. नेमन यांच्या मांडणीत मात्र खरी सरासरी जागची हलत नाही, अंतराल हलतो. दर वेळी नवा नमुना, दर वेळी नवा अंतराल. ९५ टक्के ही हमी पद्धतीची आहे, हाती आलेल्या एका पट्ट्याची नाही.

हे सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गात एक डबा घेऊन जात असे. त्यात काही शे चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एका शेताचं उत्पादन, आणि सगळ्यांची खरी सरासरी मला माहीत. प्रत्येकाने न बघता दहा चिठ्ठ्या काढायच्या, अंतराल काढायचा, चिठ्ठ्या परत टाकायच्या आणि फळ्यावर आपली आडवी रेघ ओढायची. साठेक मुलांच्या रेघा झाल्या की मी खऱ्या सरासरीची उभी रेघ ओढायची. साधारण तीन रेघा तिला शिवत नाहीत. कधी दोन, कधी पाच. ज्यांची रेघ बाहेर पडते त्यांचं गणित बरोबरच असतं. ती मुलं दोन-दोनदा तपासून बघतात आणि मग शांतपणे खाली बसतात. त्या तासानंतर पुढच्या परीक्षेत ते वाक्य चुकत नाही.

खऱ्या कामात उभी रेघ कोणीच दाखवत नाही. आपला पट्टा त्या न शिवणाऱ्या तीन रेघांतला आहे का, हे कधीच कळत नाही. एका मंडळाच्या एका हंगामाच्या आकड्यावर फार ताठर भूमिका घेऊ नये असं मी म्हणते, ते यासाठी.

६. चाचणीत पुरावा कोणी द्यायचा, हे आधी ठरतं

सोयाबीनच्या दहा तुकड्यांच्या उदाहरणात उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली की विम्याची भरपाई मिळते ते उत्पन्न, हेक्टरी १२०० किलो आहे समजा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणलं की उंबरठा मिळतो. प्रत्यक्ष सरासरी ११००. तूट आहे का? शून्य परिकल्पना अशी की खरी सरासरी १२०० आहे. टीची किंमत येते उणे १.५६. ‘कमी आहे का’ एवढंच विचारायचं ठरलं असेल तर पाच टक्के पातळीला १.८३ ओलांडायला हवं होतं. ओलांडलं नाही. वर्गातलं उत्तर: शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

यावरून कोणी म्हणेल की तूट सिद्धच होत नाही, मग भरपाई कसली? हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. नेमन-पिअर्सन यांनी चुका दोन प्रकारच्या मानल्या. तूट नसताना आहे म्हणणं ही पहिली, आणि तूट असताना नाही म्हणणं ही दुसरी. पाच टक्क्यांची मर्यादा फक्त पहिल्या चुकीवर आहे. दुसरी किती मोठी आहे ते बघू. खरी सरासरी खरोखरच ११०० असेल, तर दहा तुकड्यांवरची ही चाचणी साधारण दहापैकी सहा वेळा ती तूट पकडू शकत नाही. पहिली चूक कंपनीच्या पैशाची आणि दुसरी शेतकऱ्याच्या पैशाची. एकीला पाच टक्के आणि दुसरीला साठ टक्के, अशी वाटणी चाचणीच्या नावाखाली खपवता येणार नाही.

पीकविम्याचं सूत्र अशी चाचणी लावत नाही, सरळ सरासरी घेतं, आणि ते योग्यच आहे. १२०० मधून ११०० गेले, तूट १०० किलो म्हणजे ८.३ टक्के. हेक्टरी विमा संरक्षित रक्कम पन्नास हजार धरली तर भरपाई सुमारे ४,१६७ रुपये. पण त्याच अंतरालाच्या खालच्या टोकाला, ९५५ किलोंवर, भरपाई दहा हजार दोनशेच्या घरात जाते आणि वरच्या टोकाला शून्य होते. दहा तुकड्यांच्या नशिबावर एका हेक्टरमागे एवढा फरक पडतो. आणि उंबरठाही अशाच मागच्या वर्षांच्या सरासऱ्यांतून आलेला, म्हणजे त्यालाही स्वतःची प्रमाण त्रुटी आहे. महसूल मंडळ हा विम्याचा घटक असेल तर पीकविमा योजनेत एका पिकाचे किमान दहा प्रयोग सांगितले आहेत. माझं ठाम मत आहे की जिथे वजनांत चढउतार मोठा, तिथे ‘किमान’ला ‘कमाल’ समजू नये.

७. ‘एनएस’ म्हणजे फरक नाही, असं नव्हे

आता विद्यापीठातल्या मुलांसाठी. प्रबंधातल्या तक्त्यात खाली दोन ओळी असतात, एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी) आणि सीडी (क्रांतिक फरक). फरक सीडीपेक्षा कमी भरला की समोर ‘एनएस’, म्हणजे ‘सार्थ नाही’, लिहायचं आणि चर्चेत ‘दोन्ही वाण सारखेच’ म्हणून पुढे जायचं, ही फार जुनी सवय आहे.

नवा वाण स्थानिक वाणापेक्षा हेक्टरी १५० किलो जास्त आला आणि सीडी १८० आहे समजा. एनएस. पण सीडी म्हणजे दोन सरासऱ्यांमधल्या फरकाच्या ९५ टक्के अंतरालाची अर्धी रुंदी. तेव्हा फरकाचा अंतराल उणे ३० ते अधिक ३३०. म्हणजे नव्या वाणाने फार तर तीस किलोंचं नुकसान होईल आणि तीनशे तीस किलोंपर्यंत फायदाही होऊ शकेल. याला ‘सारखेच’ म्हणायचं? हा वाण आणखी दोन ठिकाणी, जास्त पुनरावृत्ती घेऊन लावून बघायला हवा, असं ते आकडे सांगत असतात. एनएस ही दोन अक्षरं लिहून आपण एखादा चांगला वाण कपाटात बंद करून टाकतो. मुलांकडून मी तक्त्याच्या खाली फरकाचा अंतराल हाताने लिहून घ्यायची. मार्गदर्शकांना तो आवडला नाही तरी निदान मुलाला आपल्या प्रयोगाने काय सांगितलं ते कळायचं.

८. नमुना मोठा झाला की उलटं होतं

एक किलोच्या पाकिटांची २,५०० वजनं यंत्राने नोंदवली. प्रमाण विचलन पाच ग्रॅम, प्रमाण त्रुटी एक दशांश ग्रॅम. सरासरी एक किलोपेक्षा ०.३ ग्रॅम जास्त आली तरी चाचणी ‘अत्यंत सार्थ’ म्हणून ओरडते. अंतराल शांतपणे सांगतो की जादा भरणा ०.१ ते ०.५ ग्रॅम आहे. त्यासाठी यंत्र थांबवायचं की नाही, हे कारखानदाराला पी-व्हॅल्यूवरून कळणार नाही, ग्रॅमवरून कळेल. पाकिटांच्या वजनाच्या कायद्यात नुसती सरासरी बघून चालत नाही, एकेका पाकिटाला किती कमी चालेल याचीही मर्यादा असते. ग्राहक घरी सरासरी नेत नाही, एक पाकीट नेतो. या कायद्याची ही बाजू मला फार आवडते.

९. प्रश्न आधी, आकडे नंतर

झाडाची उंची, फांद्या, शेंगा, शंभर दाण्यांचं वजन, तेलाचं प्रमाण, असे वीस गुणधर्म मोजले आणि प्रत्येकावर पाच टक्क्यांची चाचणी लावली, तर खरा फरक कुठेच नसताना निदान एका ठिकाणी ‘सार्थ’ निघण्याची शक्यता, चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, ६४ टक्के. मग तेवढाच एक गुणधर्म शीर्षकात येतो. मुख्य प्रश्न कोणता आणि चाचणी एकतर्फी की दुतर्फी, हे पेरणीआधी वहीत लिहून तारीख टाकायची. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

१०. सरासरी जिथे कोणाचीच नसते

नदीकाठच्या मंडळात थोडं शिवार पाण्याखाली गेलं आणि उरलेलं चांगलं आलं, असं होतं. दहा तुकड्यांपैकी दोन शून्य, आणि सोयीसाठी उरलेल्या आठही ठिकाणी सात किलो धरा. सरासरी ५.६ किलो, म्हणजे जवळजवळ चौथ्या मुद्द्यातल्या उदाहरणाइतकीच. पण विचलन २.९५, आणि अंतराल हेक्टरी साधारण ७०० ते १५४० किलो. सरासरी बघून दोन्ही मंडळं सारखी वाटतात, हद्द बघितली की वेगळी दिसतात. शिवाय इतक्या तिरक्या वितरणावर दहाच आकड्यांनी काढलेला टी-अंतरालही पुरता भरवशाचा नसतो. ५.६ किलो पिकवणारा शेतकरी तर त्या मंडळात एकही नाही. इथे चाचणी लावण्याआधी बुडालेला भाग आणि राहिलेला भाग वेगळा करून मोजायला हवा. स्तर पाडून नमुना घेण्याचं शास्त्र नेमन यांनी १९३४ मध्येच मांडलं आहे, आणि त्याच विषयावरचा सुखात्मे यांचा निबंध लगोलग पुढच्या वर्षीचा आहे. नव्याने शोधायचं काही नाही, वापरायचं आहे.

आणखी एक गोष्ट तपासायची. प्रयोग गावागणिक दोन-दोन असतील तर एका गावातले दोन तुकडे एकाच पावसात भिजलेले आणि एकाच उघडिपीत करपलेले असतात. ती दोन स्वतंत्र वजनं धरता येत नाहीत. त्यांच्यातला सहसंबंध ०.५ असेल तर दहा प्रयोगांचं मोल जेमतेम सातांइतकं उरतं, आणि कागदावरचा अंतराल खऱ्यापेक्षा अरुंद असतो.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात यंदा पीक कापणी प्रयोग असेल तर तारीख कृषी सहाय्यकाला किंवा तलाठ्याला विचारून घ्या आणि बांधावर हजर राहा. खुंटी रँडम आकड्यानेच ठोकली ना, दोरीवरच्या रोपांचं काय केलं, वजन वाळल्यावरचं घेतलं का, हे तिथेच बघा, नंतर भांडून उपयोग होत नाही. आणि मंडळाचा आकडा जाहीर झाला की नुसती सरासरी घेऊन घरी जाऊ नका. दहाच्या दहा वजनं मागा. प्रमाण विचलन काढायला गावातली बारावीची मुलंसुद्धा पुरेशी आहेत.